पाहुण्याच्या चिठ्ठीची लांबी

ऑफिसात तिला पाठीमागे सगळे चिमटा म्हणत. समोर मॅडम. दुसऱ्याचा कोड तपासायला आला की ती तो गटारातला मोजा उचलावा तसा दोन बोटांत धरायची, म्हणून हे नाव पडलं होतं. तिला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं.

शिवाय घाण नव्हती कुठे? कॉफीच्या यंत्राच्या दुधाच्या नळीला तीन दिवसांचं दूध वाळून पिवळं पडलेलं. मायक्रोवेव्हच्या छताला कुणाच्या तरी जेवणाचे शिंतोडे, तेही आता कुणाचे म्हणून ओळखू येणार नाहीत इतके जुने. साखरेच्या डब्यात ओला चमचा घालणारा माणूस नेमका कोण, हे ती दोन वर्षं शोधत होती. दाराची मूठ कागदाने पुसल्याशिवाय ती आत पाऊल टाकत नसे. लोक हसत. हसू देत, ती म्हणायची, पोट तुमचं बिघडतं, माझं नाही.

पण तिच्या मते त्या मजल्यावरची सगळ्यात मोठी घाण तिच्यापासून चार खुर्च्यांवर बसत होती, आणि दुर्दैव असं की ती तिच्याच घरातून येत होती. तिचा धाकटा दीर. ऑफिसात त्याला गबाळ्या म्हणत. कीबोर्डवरच खायचा, बोटं विजारीला पुसायचा आणि त्याच बोटाने दुसऱ्याच्या पडद्यावर डाग पाडत म्हणायचा, "हे बघा, इथे." घरी फ्रीजमधली बाटली तोंडाला लावायचा. ओला टॉवेल पलंगावर टाकायचा. दोन वर्षांपूर्वी दोन नोकऱ्या गमावून तो त्यांच्याकडे राहायला आला, आणि सासूबाईंच्या शब्दाखातर तिनेच त्याला इथे चिकटवला. सासूबाई दर रविवारी फोनवर म्हणायच्या, "तू आहेस ना तिथे, म्हणून मी निर्धास्त आहे हो." निर्धास्त त्या होत्या. भोगत ही होती.

आणि आज चार वाजता त्याच्या नोकरीचा निकाल लागणार होता. निकाल लिहायचा होता तिने.

झालं होतं असं. त्यांची कंपनी एकेका भल्यामोठ्या यंत्राचे आतल्या आत वेगवेगळे हिस्से पाडून लोकांना भाड्याने द्यायची. प्रत्येक भाडेकऱ्याला वाटावं, हे अख्खं यंत्र आपलंच. या भाडेकरू यंत्रांना धंद्यात पाहुणे म्हणतात, आणि त्या सगळ्यांना सांभाळणारं ते यजमान. पाहुण्याला बाहेर काही पाठवायचं असलं, की यजमान आणि पाहुणा दोघांनाही दिसतं अशा मेमरीच्या एका सामाईक पानावर तो चिठ्ठी ठेवतो: माझा माल इथे आहे, इतका लांब आहे. यजमानाकडचा ड्रायव्हर, म्हणजे हेच काम करणारा कोड, चिठ्ठी वाचतो, लांबी मापात आहे ना ते बघतो आणि माल उचलतो. गोम एवढीच, की ते पान पाहुण्याच्याही हातात असतं. तुम्ही लांबी वाचून मान डोलावली, आणि उचलायला वाकलात तेवढ्यात त्याने आकडा बदलला, तर तुम्ही पेलाभर जागेत हंडाभर ओतून बसता. मग ते शेजारच्यांच्या घरात शिरतं.

गेल्या आठवड्यात तेच झालं होतं. कुण्या एका पाहुण्याने आकडा बदलला, यजमान आडवा झाला आणि त्याच्याबरोबर आठ भाडेकरू. त्यातली एक रक्त तपासणारी प्रयोगशाळा होती. पाच तास तिथून एकही अहवाल निघाला नाही, आणि तेवढा वेळ शस्त्रक्रियेच्या टेबलाशी माणसं ताटकळली. यजमान कोसळला त्या क्षणी गबाळ्याने लिहिलेला कोड चालू होता. एवढं पुरेसं होतं. खापर फोडायला डोकं सापडलं होतं.

"तूच बघ आणि लिहून दे," साहेब म्हणाले होते. साहेबांना बोलताना पेनाचं टोपण कानात फिरवायची सवय. ते बाहेर काढून ते निरखायचे आणि मग तेच दाताखाली धरायचे. "घरचा माणूस आहे म्हणून कचरायचं नाही. तू लिहिलंस की कुणी शंका घेणार नाही."

"मी कचरत नाही," ती टोपणाकडे न बघता म्हणाली.

सकाळी नवरा चहाचा कप हातात धरून दारात उभा राहिला होता. तो सहसा ऑफिसच्या भानगडीत पडत नसे.

"यावेळी गेली नोकरी, तर तो परत उभा राहायचा नाही गं."

"मग नीट काम करायचं होतं. मी खोटं लिहिणार नाही."

"खोटं लिही असं कोण म्हणतंय? नीट बघ, एवढंच म्हणतोय."

नीट बघ! हे तिला सांगायचं! ती चप्पल घालून निघाली ती जिना उतरेपर्यंत धुमसत होती.

दहा वाजता तिने टेबल पुसलं, कीबोर्ड पुसला आणि दिराची फाईल उघडली. पहिल्याच पानावर तिला मळमळलं. ओळी कुठेही सुरू होत होत्या, कुठेही संपत होत्या. काही ठिकाणी टॅब, काही ठिकाणी स्पेस, काही ठिकाणी दोन्ही. एका चलाचं नाव 'तात्पुरतं', दुसऱ्याचं 'तात्पुरतं२', तिसऱ्याचं 'खरंच_शेवटचं'. मध्येच एक टीप: 'हे का चालतं माहीत नाही, हात लावू नये.' कुणी पलंगाखालचा पसारा उचलून तुमच्या मांडीवर आणून टाकावा, तसं ते होतं. तिने नाकावर रुमाल धरला नाही एवढंच.

पण भोक काही सापडेना.

तिने सुरुवातीपासून वाचलं. मग शेवटून. सगळ्या गदारोळात पहिलीच ओळ मात्र अशी होती: पाहुण्याची चिठ्ठी जशीच्या तशी, अख्खी, आपल्या खाजगी मेमरीत उतरवून घ्या. वर टीप: 'पाहुणा काय वाट्टेल ते करेल, आपण आधी आपल्याकडे घ्यावं.' त्यानंतर चारशे ओळींच्या त्या उकिरड्यात एकदाही, एकदाही, तो त्या सामाईक पानाकडे परत गेला नव्हता. तपासणी आपल्या प्रतीवर. वापर आपल्या प्रतीवर. पाहुण्याने मागे कितीही आकडे बदलावेत, याच्या प्रतीत काही बदलणार नव्हतं.

तिला राग आला. इतकं गलिच्छ असून बरोबर असणं हा तिला एक प्रकारचा उद्धटपणा वाटला. तिने आणखी एक तास घालवला, इतक्या जिद्दीने की ती चूक शोधतेय की चूक असावी म्हणून नवस करतेय, ते तिचं तिलाच कळेना. बारा वाजता तिने हात टेकले.

मग याचा कोड कोसळला कशाने? ती मेमरीचा नकाशा घेऊन बसली. गबाळ्याचा कोड उतरवून घेतलेल्या चिठ्ठ्यांची यादी जिथे ठेवायचा त्या जागेला लागूनच, भिंतीला भिंत असावी तसा, माल उतरवून ठेवायचा एक साठा होता. तो साठा भरून वाहिला असता तर लोंढा थेट याच्या यादीत शिरला असता. म्हणजे घसरलं कुणी वेगळंच, आणि आपटला हा. तो साठा भरणारा कोड कुणाचा?

तिचा स्वतःचा.

तिला हसूच आलं. तिचा कोड! तो नव्या माणसांना वाचायला देत. चाळीस ओळी, कुठे एक स्पेस जास्त नाही. लांबी सामाईक पानावरून एकदा घेतली, 'लांबी' नावाच्या स्थानिक चलात ठेवली, तपासली, मापाबाहेर असेल तर हाकलली, मापात असेल तर माल उचलला. एक वाचन. कुणीही यावं आणि बोट ठेवून दाखवावं.

तरी तिने, केवळ अहवालात लिहायला असावं म्हणून, कंपायलरने त्या चाळीस ओळींतून तयार केलेल्या यंत्रभाषेतल्या सूचना उघडल्या. ते कुणी करत नाही. तीही कधी करत नसे. ती एकेक सूचना खाली उतरत गेली. पानावरून लांबी वाच. मापाशी ताड. मग पाच-सहा इतर कामं. आणि मग, माल उचलायच्या आधी, पानावरून लांबी वाच.

तिने चष्मा पुसून परत बघितलं. दुसऱ्यांदा वाच असंच तिथे होतं. कंपायलरला जागा कमी पडली होती. त्याने विचार केला, हा आकडा मी सांभाळत कशाला बसू, पानावर आहेच की, लागेल तेव्हा पुन्हा बघीन. त्या पानावर पाहुण्याचाही हात पोचतो हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायची सोय असते. 'एकदाच-वाच' अशी एक खूण असते, ती लावली की कंपायलर निमूट ऐकतो. तिने लावली नव्हती. कोड इतका सुबक दिसत होता की तिला गरज वाटली नव्हती.

चाचणीच्या यंत्रावर तिने एक पाहुणा उभा केला आणि त्याला एकच काम दिलं: लांबीचा आकडा लहान-मोठा, लहान-मोठा करत राहायचं. अकराव्या मिनिटाला यजमान आडवा झाला. कोसळताना चालू होता तो कोड गबाळ्याचा.

तिने आपल्या त्या चाळीस ओळींचा जुना इतिहास उघडला, कधी लिहिल्या, कुणी तपासल्या ते बघायला. तपासणाऱ्यांची नावं होती, शाबासक्या होत्या. आणि तळाशी, चौदा महिन्यांपूर्वीचा, एक शेरा दिराचा होता. धड वाक्यही नव्हतं. 'वहिनी इथे लांबी दोनदा वाचली जाईल का?? compiler चा भरवसा नाही. एकदाच-वाच लावा किंवा पूर्ण चिठ्ठी आपल्याकडे घ्या आधी.'

खाली तिचं उत्तर: 'आधी स्वतःच्या फाईलमधले टॅब आणि स्पेस निस्तरा, मग शिकवा. आणि ऑफिसात वहिनी म्हणायचं नाही.' आणि त्यापुढे तिनेच मारलेला शिक्का: निकाली.

तिने तो शेरा वाचलाच नव्हता. म्हणजे डोळ्यांखालून घातला होता, पण 'वहिनी' आणि दोन प्रश्नचिन्हं दिसल्यावर पुढचं तिने नाक मुरडून सोडून दिलं होतं. ते तिला आत्ता स्पष्ट कळलं. त्याचं काहीही तिच्यापुढे आलं की ती आधी तोंड फिरवायची आणि मग मत द्यायची. त्या तोंड फिरवण्यात चौदा महिने गेले होते, आणि शेवटी ती प्रयोगशाळा.

दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. खरं सांगायला हवं, कारण तिनेही पुढे ते कधी नाकारलं नाही: पहिला विचार तिच्या मनात आला तो असा, की हे कुणाला कळणार आहे? यंत्रभाषा उघडून बघणारं या मजल्यावर दुसरं कोण होतं? खूण आज गुपचूप लावता येईल, 'किरकोळ सफाई' म्हणून. कोसळला तो कोड त्याचा, हे खोटं नव्हतंच. अहवालात फक्त एवढंच लिहायचं आणि थांबायचं. तो विचार इतक्या सराइतपणे, इतका नीटनेटका, ओळीत ओळ लावून आला, की तिला स्वतःची शिसारी आली. ती उठून बाथरूममध्ये गेली, तोंडावर पाणी मारलं आणि आरशात न बघताच परत आली.

चार वाजता बैठकीच्या खोलीत साहेब होते, मनुष्यबळ खात्याची एक बाई होती आणि टेबलाच्या टोकाला गबाळ्या. शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात. आज तिने त्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच तिला नजर काढून घ्यावीशी वाटली ती लाजेने.

"तर," साहेब टोपण फिरवत म्हणाले, "आपण फार ताणत नाही. हा बोलला माझ्याशी दुपारी. तो म्हणतो, माझंच असेल."

"असेल काय? आहे की नाही?" तिने दिराला विचारलं.

तो टेबलावरचा एक डाग नखाने खरवडत होता. "मी तीनदा बघितलं. मला नाही सापडलं. पण कोसळलं तर माझ्यात ना. मग माझंच असणार."

"बघ, कबूल आहे तो," साहेब म्हणाले. "तू फक्त एक ओळ लिही आणि सही कर. सगळ्यांचं भलं. त्यालाही आम्ही सन्मानाने सोडतो."

तिने पडद्यावर यंत्रभाषा टाकली. दोन ओळींवर बोट ठेवलं. "हे एक वाचन. हे दुसरं. कोड माझा आहे. याचा कोड मी दोन तास बघितला. घाणेरडा आहे, पण त्यात चूक नाही."

साहेबांनी टोपण तोंडातून काढलं. "म्हणजे कंपायलरची चूक."

"माझी. त्याला सांगायचं काम माझं होतं."

"अगं, ठीक आहे. पण मग असं करू, दोघांचं थोडं थोडं लिहू. म्हणजे कुणा एकावर..."

"थांबा." तिने तो जुना शेरा पडद्यावर आणला आणि मोठ्याने वाचला, प्रश्नचिन्हांसकट. मग आपलं उत्तर वाचलं. टॅब, स्पेस, वहिनी, सगळं. शेवटचा शिक्काही तिने वाचून दाखवला. "याने चौदा महिन्यांपूर्वी भोक दाखवलं होतं. मी ते बुजवलं नाही. मी याचं तोंड बुजवलं. हे असंच्या असं अहवालात जाणार आहे. नाही गेलं तर माझी सही मिळणार नाही."

मनुष्यबळ खात्यातली बाई लिहायची थांबली होती. साहेबांना हा सगळा प्रकार फार अस्वच्छ वाटला असावा. ते दोन वेळा खाकरले, मग म्हणाले की ठीक आहे, याची नोकरी राहील, आणि तिच्याबद्दल काय करायचं ते वरच्यांशी बोलून ठरवू. बैठक सत्तावीस मिनिटांत संपली.

दुरुस्ती तिने लगेच लिहिली आणि तपासायला त्याच्याकडे पाठवली. लांबीला खूण लावली होती. दहा मिनिटांत परत आली, नामंजूर. 'नुसती लांबी नको. माल कुठे आहे तो पत्ता पण दोनदा वाचला जातोय. अख्खी चिठ्ठी आधी आपल्याकडे घ्या, मग तपासा.' या खेपेला वहिनी नव्हतं. तिने मुकाट्याने बदललं. मग त्याने मंजूर केली.

तो तिला जिन्यात भेटला. आगीच्या वेळी वापरायचा तो जिना, जिथे कुणी झाडू मारत नाही. तो पायरीवर बसला होता. ती क्षणभर घुटमळली आणि त्याच्या शेजारी, त्या धुळीत, बसली.

"माझं चुकलं," ती म्हणाली.

"झालं ते. नोकरी राहिली, बास. टीम बदलून मागितलीय मी. आणि खोली बघितलीय. एक तारखेपासून जातो. दादाला मीच सांगतो, तुम्ही नका सांगू."

"खोली कशाला? आता तर मिटलं सगळं."

"मिटलं म्हणूनच. नोकरी गेली असती तर तुमच्याकडेच राहावं लागलं असतं ना."

हे तो रागाने बोलला असता तर बरं झालं असतं. तो हिशेब मांडल्यासारखा, सुटल्यासारखा बोलला. तिला वाटलं होतं, निदान थोडंसं तरी आज फिटेल. काही फिटलं नव्हतं. तिला रडू आलं, आणि रडू आलं की ती भांडायची.

"मग एकदा लिहून गप्प का बसलास? घरी सांगायचंस! एका टेबलावर जेवतो आपण. मला धरून बसवायचंस, म्हणायचंस, वहिनी, हे बघाच."

"आलो होतो की," तो म्हणाला. "त्याच संध्याकाळी. तुमच्या लॅपटॉपवर दाखवायला. तुम्ही म्हणालात, आधी हात धुऊन ये. मी धुतले. साबणाने. परत आलो तर तुम्ही लॅपटॉप बंद करून झोपायला गेला होतात."

ती ती संध्याकाळ आठवू लागली. आठवेना. आधी हात धुऊन ये, हे दोन वर्षांत ती त्याला इतक्या संध्याकाळी म्हणाली होती, की त्यातली ही कोणती, ते तिला काही केल्या सांगता येईना.